खालचं काम

मोटारसायकलच्या मिस्त्रींच्या भाषेत इंजिनाची दुरुस्ती दोन प्रकारची असते. हाफ इंजिन आणि फुल इंजिन. हाफ म्हणजे वरचं काम. हेड उतरवायचं, व्हॉल्व्ह घासून बसवायचे, ब्लॉक बोअर करून नवा पिस्टन आणि नव्या रिंगा घालायच्या. दोन-तीन दिवसांत गाडी पुन्हा रस्त्यावर. फुल म्हणजे या सगळ्याच्या खाली जे असतं तेही. क्रँक, त्याची दोन जड फ्लायव्हीलं, त्या दोघांना जोडणारी पिन, पिनेवर फिरणारा कनेक्टिंग रॉड आणि या साऱ्यांचा भार घेणाऱ्या बेअरिंगा. हे काम करायचं तर इंजिन चासीतून बाहेर काढावं लागतं, त्याची दोन शकलं करावी लागतात. म्हणून ‘फुल’चं नाव काढलं की गिऱ्हाईक दचकतं. ‘सध्या हाफ करून द्या, खालचं पुढं बघू’ म्हणतं. खालचं काम कुणाला दिसत नाही. केलं तरी दिसत नाही, नाही केलं तरी दिसत नाही. ते फक्त ऐकू येतं.

आमच्या अब्बांच्या बुलेटमधून ते ऐकू येऊ लागलं होतं.

गाडी १९७२ची. अब्बांनी ती १९७८ साली दुसऱ्या हाताची घेतली. बुलेट मुळात इंग्लंडची. रेडिच गावच्या कारखान्यातली. आपल्या सैन्याला सरहद्दीवर गस्त घालायला दणकट गाडी हवी होती, म्हणून १९५५ साली मद्रासला कारखाना निघाला. आधी तिकडून सुटे भाग आणून इथं जोडायचे, पुढं १९६२पर्यंत सगळे भाग इथंच बनू लागले. रेडिचचा कारखाना बंद पडला, मद्रासचा चालत राहिला. सत्तर मिलिमीटरचा बोअर, नव्वद मिलिमीटरचा स्ट्रोक, तीनशे सेहेचाळीस सीसीचं बिडाचं इंजिन. हे माप जवळपास अर्धं शतक बदललं नाही. एवढ्या काळात देशात काय काय बदललं ते सांगायला नको.

अब्बा मणियार. कोल्हापूरच्या आसपासचे बाजार करायचे. कागल, मुरगूड, गारगोटी, वडगाव. चैत्रात जोतिबाची यात्रा. बुलेटच्या दोन्ही अंगांना लाकडी पेट्या, पेट्यांत पिंजर आणि पिंजरात फिरोजाबादच्या बांगड्या. आता एका पिस्टनचं इंजिन हे असं असतं की ते पुरतं कधी तोललं जात नाही. पिस्टन वर-खाली जातो, त्याला तोल म्हणून फ्लायव्हीलमध्ये एका बाजूला वजन ठेवतात. पण ते वजन गोल फिरतं आणि पिस्टन सरळ रेषेत धावतो. त्यामुळं हादरा जात नाही, फक्त त्याची दिशा वाटली जाते. असल्या गाडीवर काच लादून जोतिबाचा डोंगर चढायचा हा आमच्या अब्बांचा व्यवसाय. लोक म्हणायचे, मणियार, फुटत नाहीत होय बांगड्या? अब्बा म्हणायचे, गाडीचा आवाज बरोबर असला की काच फुटत नाही.

त्यांचा कान तसा होता. बांगड्यांचा जोड हातात घेऊन एकमेकींवर हलकेच वाजवायचे आणि तडा गेलेली बांगडी डोळ्यांनी बघण्याआधी बाजूला काढायचे. गाडीचंही तेच. टॅपेट सैल झाला तर शिवणयंत्रासारखी टिकटिक येते. पिस्टन झिजला तर थंड इंजिन खडखडतं आणि तापलं की गप्प होतं. आणि क्रँकचा बिग एन्ड, म्हणजे रॉडचं खालचं तोंड, झिजलं तर जो ठोका येतो तो जड असतो. दार बंद करून आत कुणीतरी उखळात कुटतंय असा. चढावर जास्त. हे मला त्यांनी मी शाळकरी असताना शिकवलं. किकही तेव्हाच शिकले. आधी अॅमीटरचा काटा बघायचा, मग डीकॉम्प्रेशनची तार ओढून पिस्टन शेंड्यावरून अलगद पुढं सरकवायचा, आणि मग एकच किक. ताकदीचं काम नाही, वेळेचं आहे. उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेल्या त्या गाडीवर मणियारांची मुलगी बसते म्हणून मोहल्ल्यात चर्चा झाली. अब्बांनी ती ऐकली की नाही कोण जाणे. बांगडीवाल्याच्या घरी बायकांच्या हातांची मापं सगळ्यांना ठाऊक असतात, त्यात ताकद किती ते अब्बांनाच ठाऊक होतं.

२०११ साली अब्बा गेले. वाटण्या झाल्या. शरियतेप्रमाणे मुलाला दोन तर मुलीला एक. भावांनी प्रामाणिकपणे हिशेब मांडला. मी म्हटलं, माझ्या हिश्शात गाडी धरा. थोरले भाईजान हसले. भंगारवाल्याला विचारून किलोच्या भावानं गाडीची किंमत धरली आणि तेवढी रक्कम माझ्या हिश्शातून वजा केली. मलाही ते मान्य होतं. कागदपत्रं माझ्या नावावर झाली. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तीही मी करत राहिले. सायन्सची शिक्षिका बुलेटवरून शाळेत येते म्हणून पोरं खिडकीत जमायची. वर्षभरात सवय झाली सगळ्यांना.

२०२२च्या पावसाळ्यानंतर ठोका सुरू झाला. त्याच सुमारास पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या गाड्या जमवतात. गाडी आहे त्या स्थितीत सव्वा लाख देतो म्हणाले. ही गोष्ट भाईजानच्या कानावर गेली. त्यांचा फोन आला. म्हणाले, ‘ती घरची गाडी आहे. विकायची असेल तर तिघांत वाटून घेऊ. नाहीतरी आता ती बंदच पडणार.’ मी म्हटलं, ‘भाईजान, भंगारात धरली तेव्हा माझी होती आणि लाखात गेली की घरची?’ त्यांनी फोन ठेवला. पुढं ईदला त्यांच्याकडचा शीरखुर्मा आला, पण ते स्वतः आले नाहीत.

गाडी विकायची नव्हतीच. पण ठोका घेऊन चालवणं म्हणजे गाडी मारणं होतं. रॉडचं तोंड फार सैल झालं की एक दिवस रॉड तुटतो आणि जाताना इंजिनाचं अॅल्युमिनियमचं पोट फोडून बाहेर येतो. मग करायला काही उरत नाही.

मिस्त्रीचाचांचं गॅरेज उद्यमनगरच्या मागं आहे. चाचांचं वय शहात्तर. बाराव्या वर्षी पाने धुवायला उस्तादांकडं लागले, तेव्हापासून बुलेट खोलतायत. अब्बांची गाडी त्यांच्याच हाताखालची. मी गाडी चालू केली. चाचांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनाच्या पोटाला लावलं आणि मूठ कानाला. थोडा वेळ ऐकलं.

‘आवाज उप्पर का नै, बेटी. पेटमेंसे आरा.’

‘मग, चाचा?’

‘हाफ करके देऊं तो चार महिने चुप बैठेगी. फुल खोले तो बरसां चलेगी. लेकिन मेरेकू टाइम होना. और तेरेकू सबर.’

खोलायला दोन दिवस गेले. मी शाळा सुटली की जायची. चाचांच्या हाताखाली आता पोरगा नाही. दोन नातू आहेत, एक मोबाइलच्या दुकानात, एक दुबईला. त्यामुळं पाने देणं, बोल्ट खोक्यात घालून चिठ्ठी लावणं हे काम माझ्याकडं आलं. हेड उतरलं, ब्लॉक उतरला, क्लच, प्रायमरी चेन, मागची गिअरपेटी वेगळी झाली. टायमिंगच्या बाजूला क्रँकच्या टोकाला एक आट्याचा नट असतो. तो तेलाचे पंप फिरवतो. त्याचे आटे उलटे. नवखा मिस्त्री सगळ्या जगाच्या नटासारखा तो डावीकडं फिरवतो आणि अधिकच आवळतो. चाचा म्हणाले, बहुतेक इंजिनं इथंच बिघडतात, झिजेनं नाही.

मग पोटाची दोन शकलं झाली आणि क्रँक बाहेर आला. दोन काळसर चाकं, मध्ये रॉड. चाचांनी रॉड सरळ उभा धरला आणि वर-खाली ओढून बघितला. टक. टक. हाताला जाणवण्याइतकी ढील होती. बाजूला थोडा डुलला तर चालतो, तो त्याचा स्वभाव आहे. वर-खाली अजिबात हलता कामा नये.

या इंजिनाच्या बिग एन्डची रचना फार मजेची आहे. पिन आणि रॉड यांच्या मध्ये एक बुश असतो. दोन्ही अंगांना पांढऱ्या धातूचा मऊ लेप. तो पिनेलाही बांधलेला नाही आणि रॉडलाही नाही. दोघांच्या मधल्या तेलात तरंगतो आणि आपल्या गतीनं फिरतो. पिन जोरात फिरते, बुश तिच्यामागून सावकाश फिरतो, त्यामुळं घर्षण दोन ठिकाणी वाटलं जातं. ताशी साठच्या वेगानं जाताना क्रँक मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतो. तेवढ्या धुमश्चक्रीत हा बुश कुणाचाच नसतो म्हणून टिकतो. पुष्कळ लोक तो काढून तिथं रोलर बेअरिंग घालतात. मी विचारलं, काय घालायचं? चाचा म्हणाले, बुश तेल मागतो. तेल देणार असशील तर बुश, विसरणार असशील तर रोलर.

मी बुश म्हटलं.

सामान मिळवण्यात महिना गेला. बाजारात ह्याच नावाचे तीन भावांचे बुश मिळतात. चाचा प्रत्येक बुश, प्रत्येक पिन मायक्रोमीटरनं मोजायचे आणि बहुतेक परत पाठवायचे. एक दुकानदार वैतागून म्हणाला, ‘चाचा, गाडी पन्नास वर्षांची, आणि माप कसलं बघताय?’ चाचांनी पिन त्याच्या काउंटरवर ठेवली आणि निघून आले. रॉडला दोरीनं टांगून त्यांनी हलकेच वाजवून पाहिलं. स्वच्छ, लांब नाद आला. तडा असता तर आवाज बसका आला असता. मला अब्बांच्या हातातल्या बांगड्या आठवल्या, पण मी काही बोलले नाही. चाचा माप घेत होते.

फ्लायव्हीलच्या आतून तेलाची वाट जाते. पंपानं दिलेलं तेल टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकात शिरतं, तिथून फ्लायव्हीलमधल्या भोकातून पिनेत आणि पिनेतून बुशाला. पन्नास वर्षांचा गाळ त्या वाटेत साचला होता. चाचांनी तार घालून, रॉकेलनं धुऊन, हवा मारून ती वाट मोकळी केली आणि वरच्या भोकातून तेल ओतून खालच्या भोकातून थेंब येतो का ते पाहिलं. पिन बसवताना तिचं भोक फ्लायव्हीलच्या भोकासमोर आलं नाही तर बाकी सगळं सोन्याचं केलं तरी उपयोग नाही. बुश कोरडा पडतो आणि पकडतो.

शाळेत मी मुलांना घर्षण शिकवते. फळ्यावर बाण काढते. पण दोन पृष्ठभागांमध्ये किती अंतर असावं हा प्रश्न पुस्तकात नाही. लेथवाले ज्याला ‘थाऊ’ म्हणतात तो इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस दोन-तीन थाऊ जाड. बुशाच्या दोन्ही अंगांना असल्या थाऊच्या हिशेबातली फट ठेवावी लागते. त्याहून कमी ठेवली तर तेल शिरत नाही आणि लोखंड लोखंडाला धरतं. जास्त ठेवली तर तेल टिकत नाही, ठोका येतो. चाचा त्या फटीला मोकळीक म्हणतात. एकदा म्हणाले, ‘लोहेकू भी सांस लेनेकू जगा होना, बेटी. चिपकाके रखे तो मरता. छोड दिये तो भी मरता.’

क्रँक प्रेसवर जोडला, दोन्ही बाजूंचे नट पान्याला लांब पाइप घालून आवळले. आणि मग खरं काम आलं. दोन चाकं एका पिनेवर जोडलेली. ती अगदी एका रेषेत यायला हवीत. जराशी तिरकी राहिली तर बेअरिंगा कुरतडल्या जातात. हे सरळ करायचं काम चाचा एकट्यानं करत नाहीत. ते तात्यांच्या लेथवर होतं.

तात्या म्हणजे उद्यमनगरातले जुने टर्नर. चाचा आणि ते चाळीस वर्षं एकत्र काम करतायत. उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनायची त्या काळचा त्यांचा लेथ. माझ्याबरोबर त्या दिवशी भाईजानची मुलगी आली होती. डिप्लोमा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी सांगून आली होती की न सांगता, ते मी विचारलं नाही.

तात्यांनी क्रँक लेथच्या दोन टोकांमध्ये धरला. शाफ्टवर डायल लावली. चाचांनी चाक हातानं सावकाश फिरवलं. काटा आठ थाऊ हलला.

‘मिस्त्री, हितं उंच हाय बगा,’ तात्या म्हणाले. चाचांनी तिथं खडूची खूण केली. क्रँक खाली उतरवला. चाचांनी तो हातात पेलून धरला, तात्यांनी तांब्याच्या हातोडीनं खुणेवर एक घाव घातला. पुन्हा टोकांत. पुन्हा डायल. पाच थाऊ. पुन्हा खाली. घाव लेथवरच का नाही घालत, असं पुतणीनं विचारलं. तात्या म्हणाले, ‘टोकं खराब होतात पोरी. आणि घाई बी होतीय. खाली उतरवलं की माणूस इचार करतंय.’

असं दीड तास चाललं. दोघं फारसं बोलत नव्हते. चाचांना आता डायलचा काटा नीट दिसत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. तात्यांचा हात कापतो. पण काटा एक वाचायचा आणि घाव दुसऱ्यानं घालायचा असल्यामुळं दोघांचं मिळून एक धड काम होत होतं. तीन थाऊवर आल्यावर तात्यांनी हातोडी पुतणीपुढं धरली. तिनं घाव घातला. डायल लावली तर पाच. तिचा चेहरा उतरला. चाचा म्हणाले, ‘कुछ नै. अब सामनेसे मार, आधा.’ तिनं मारला. दोन. मग तात्यांनी शेवटचा घाव घातला आणि काटा एका थाऊत डुलत राहिला. दोन्ही बाजूंना. तात्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि चहा सांगितला.

चहा पिताना कळलं की तात्यांचा मुलगा लेथ विकतोय. जागेला भाडेकरू मिळालाय, कुरिअरवाला. बिडाच्या इंजिनाची बुलेट २०१०च्या सुमाराला थांबली. आता बहुतेक गाड्यांचा क्रँक बिघडला की अख्खा क्रँक बदलतात. सरळ करायला कुणी आणत नाही. चाचा म्हणाले, ‘तात्या, मग पुढचा क्रँक कुठं आणायचा?’ तात्या म्हणाले, ‘पुढचा हाय का कुनाचा?’ दोघंही हसले. २०२३ साली लेथ गेला. वजनावर गेला. मला त्याचं नवल वाटलं नाही. वजनावर किंमत कशी ठरते ते मी जवळून पाहिलं होतं.

जोडणीला पुतणी रोज आली. इंजिनाचं पोट शेगडीवर तापवलं. पाण्याचा थेंब टाकला की तडतडला पाहिजे, इतकं. अॅल्युमिनियम पसरतं आणि बेअरिंग हातोडीशिवाय आपल्या जागी अलगद उतरतं. क्रँक आत गेला, शकलं जुळली, शिमा घालून क्रँकची बाजूची हालचाल बसवली. चाचांनी रॉड वर नेऊन सोडला. तो आपल्याच वजनानं, घाई न करता, खाली आला. बाकीचं मग वरचंच काम होतं.

किक मी मारली. दुसऱ्या खेपेला गाडी लागली. चाचांचं लक्ष आवाजाकडं नव्हतं. हेडकडं जाणाऱ्या तेलाच्या बारीक नळीचा बोल्ट त्यांनी सैल केला होता आणि ते तिथं बोट धरून बसले होते. तेल आलं. मग त्यांनी मान वर केली.

भाईजान त्यानंतर पंधरा दिवसांनी आले. मुलीचे काळे झालेले हात बघून सगळं कळलंच होतं. गाडीबद्दल बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. निघताना अंगणात थांबले आणि म्हणाले, ‘चालू कर बघू.’ मी केली. ते डोळे मिटून ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, ‘पेट्यांचे हुक काढले नाहीस अजून?’ मी म्हटलं, नाही. ‘नको काढू,’ म्हणाले आणि गेले. गाडीच्या किमतीवरून आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही. सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. येणं-जाणं आहे, थोडं अंतर आहे. तेवढं असू द्यावं असं मला वाटतं.

नव्या बुशावर पहिले काही शे किलोमीटर गाडी सांभाळून चालवायची असते. पाचशे झाल्यावर तेल बदलायला मी चाचांकडं गेले. पुतणीनं डबा लावून तेल सोडलं. चाचांनी दोन बोटांत थोडं तेल घेतलं, चोळलं, उन्हात धरलं. बुश झिजत असेल तर तेलात धातूची चमक दिसते. त्यांनी बोटं आधी स्वतःच्या बऱ्या डोळ्याजवळ नेली, मग पुतणीसमोर धरली.

‘देख. क्या दिखता?’

ती बराच वेळ बघत राहिली. ‘काही नाही, चाचा.’

‘पक्का?’

‘पक्का. नुसतं तेल आहे.’

चाचांनी बोटं फडक्याला पुसली. ‘नया डाल,’ ते म्हणाले.